एकोणीस लिटर धीर

मुलगी बघायला गेलो त्या दिवशी अण्णांनी मला पगार विचारला नाही. माझी मोटरसायकल अंगणात उभी होती. तिच्या टाकीचं झाकण उघडून त्यांनी आत डोकावून पाहिलं, गाडी दोन्ही हातांनी जराशी हलवली, आत किती खळखळतंय ते कान देऊन ऐकलं आणि झाकण लावता लावता म्हणाले, "रिझर्व्हवर आलात."

हा प्रश्न नव्हता, निकाल होता. तरी लग्न झालं, कारण मुलीनं टाकी बघितली नव्हती. पण सासुरवाडीत मी आजतागायत 'रिझर्व्हवर आलेला जावई' आहे.

अण्णा एस.टी.त होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा डेपोच्या डिझेल पंपावर. सकाळी टाकीत पट्टी सोडून डिप घ्यायचा, रजिस्टरात लिहायचा आणि दिवसभर गाड्यांना डिझेल पाजायचं. ड्रायव्हर फेरी करून आला की त्याचा केपीटीएल काढायचा. म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर. लिटरमागे पावणेपाच म्हटलं तर ते गरिबाघरचं वाटतं, दहा लिटरमागे साडेसत्तेचाळीस म्हटलं की भारदस्त वाटतं. अण्णांना पुढं सगळ्याच गोष्टींचा केपीटीएल काढायची सवय लागली. दहा पोळ्यांमागे तेल किती, असं ते सासूबाईंना विचारायचे. सासूबाईंनी एकदा दहा प्रश्नांमागे एक लाटणं असा दर सांगितला, तेव्हापासून विचारत नाहीत.

२०१८च्या ऑगस्टात आम्ही पुण्याहून गाडीनं लेहला जायचं ठरवलं. मी, बायको आणि मेहुणा. अण्णांना न्यायचं कोणाच्याच मनात नव्हतं. त्यांनी चहा पिता पिता एवढंच विचारलं, "वाटेत पंप कुठंकुठं आहेत?" मेहुण्यानं हौसेनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. मनालीकडून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी लागतं. तिथल्या पंपावर तेव्हा एक पाटी होती : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लोक त्या पाटीखाली उभं राहून दोन बोटं वर करून फोटो काढायचे.

अण्णांनी चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली. वर्षाचे दिवस आणि पंपाचं अंतर सारखंच, याचा त्यांच्यावर काही वेगळाच परिणाम झाला असावा.

"मी येतो," ते म्हणाले.

मी हिशेब मांडला. आमची गाडी डिझेलची, टाकी पंचेचाळीस लिटरची. हायवेला लिटरला अठरा देते. घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत तेरा धरा. पाचशे पंच्याऐंशी किलोमीटर. तीनशे पासष्टला अठ्ठावीस लिटर पुष्कळ झाले.

"हिशेब बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "डेपोत बंद पडून आलेल्या प्रत्येक गाडीचा हिशेब बरोबरच असायचा."

त्यात मेहुण्याला तारे बघायला हानलेला जायचं होतं. हानले म्हणजे लडाखच्या पार पूर्वेला, चार हजार मीटरपेक्षा उंचावरचं गाव. तिथं मोठी दुर्बीण बसवली आहे, कारण रात्री इतका काळोख दुसरीकडे सहसा मिळत नाही. लेहहून जाऊन येऊन पाचशेच्या वर किलोमीटर, आणि त्या वाटेवर आम्हाला पंप सापडत नव्हता. आता माझ्याच हिशेबात साठ-सत्तर किलोमीटरचीच फट उरली. त्या फटीतून अण्णांचा कॅन आत आला.

पेट्रोलची गाडी संपली तर संपली. बाटलीभर आणून ओतलं की ठोकरा खात का होईना, सुरू होते. डिझेलचं तसं नाही. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते आणि गाडी 'एअर घेते'. मग पंप मारून मारून एअर काढत बसा. शिवाय हल्लीच्या गाड्यांत डिझेल हवेच्या शेकडो पटींच्या दाबानं इंजिनात मारणारा जो पंप असतो, त्याला दुसरं वंगण नसतं. डिझेल हेच त्याचं इंधन आणि हेच तेल. ते संपलं की तो कोरडा घासतो, आणि त्याचं बिल बघून मालक. तेव्हा अण्णांच्या भीतीला आधार होता, हे मला मान्य करावं लागलं. मोठ्यानं नाही केलं.

आता प्रश्न कशातून न्यायचं. मेहुण्यानं माळ्यावरून पाच-पाच लिटरचे गोडेतेलाचे चार रिकामे कॅन काढले. मराठी घरात हा कॅन टाकला जात नाही, हे आपल्याला माहीतच आहे. आमची पिढी रेशनच्या निळ्या रॉकेलच्या रांगेत वाढली. घरातला डबा रिकामा व्हायच्या आत भरलेला दुसरा असला पाहिजे, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. गॅस आला, रॉकेल गेलं, पण कॅन राहिले. 'असू दे, लागेल.'

अण्णांनी एक कॅन उचलून त्याचं झाकण नुसत्या अंगठ्यानं दाबलं. ते आत गेलं आणि बाहेर आलं. "ह्यात तेलसुद्धा दुकानातून घरापर्यंतच यायचं," ते म्हणाले. "आणि शेंगदाण्याचं चित्र लावलेल्या डब्यात डिझेल भरलंस, तर एक दिवस तुझी आईच त्यात भजी तळेल."

सासूबाईंनी आतून "मला वास येतो म्हटलं" असं सांगितलं, पण अण्णांच्या पोतडीत डेपोची गोष्ट तयार होती. एका हेल्परनं बसच्या टाकीतून डिझेल काढायला रबरी नळी तोंडात धरून ओढली. घोटभर घशात गेलं. चार शहाण्यांनी त्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. सिव्हिलमधल्या डॉक्टरनं हेल्परला सोडून त्या चौघांनाच फैलावर घेतलं. डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेततं, आणि ओकताना ते नेमकं तिकडंच उतरतं. "म्हणून नळी नाही," अण्णा म्हणाले आणि सासूबाईंचा जुना रॉकेलचा पत्र्याचा हातपंप सामानात आला. स्टोव्ह भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पंप होता. लागला की नाही?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी काहीही मिळतं. तिथं आम्हाला हिरवा, पत्र्याचा, वीस लिटरचा जेरीकॅन मिळाला. मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला. त्याला तीन मुठी असतात. एकट्यानं भरलेला न्यायचा तर मधली धरायची, दोघांनी न्यायचा तर कडेच्या दोन, आणि रिकामे दोन कॅन एकमेकांना चिकटवले तर कडेच्या मुठी एका हातात मावतात. झाकणाला आटे नाहीत, खिट्टी आहे; दाबली की बसते आणि हातमोजे घालूनही उघडते. बाजूच्या पत्र्यावर फुलीसारखा खळगा उठवलेला, पत्र्याला ताठ ठेवणारा आणि गरज पडली तर फुगू देणारा. हे सगळं जर्मनांनी १९३७च्या सुमारास लढाईसाठी केलं. इंग्रजांचे डबे त्या वेळी इतके गळायचे, की वाळवंटात शत्रूचे हे कॅन हाती लागले तेव्हा त्यांनी सरळ नक्कल केली. इंग्रज शिपाई जर्मनाला 'जेरी' म्हणायचे, म्हणून हा जेरीकॅन.

त्यातली आपल्याकडं येणारी गोष्ट मला फार आवडते. पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर बर्लिनला नोकरी करत होता. १९३९ साली त्यानं स्वतः बांधून घेतलेल्या गाडीनं हिंदुस्थानात यायचं ठरवलं. बरोबर एक जर्मन सहकारी. गाडी तयार झाल्यावर लक्षात आलं, जादा पाणी ठेवायला काहीच नाही. त्या सहकाऱ्यानं टेंपलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन गुपचूप उचलून आणले. ते त्यांनी गाडीच्या पोटाखाली बांधले. सहकाऱ्याला वाटेतूनच मायदेशी परत नेण्यात आलं, प्लाइस मात्र कलकत्त्यापर्यंत आला. म्हणजे जर्मनांचं लष्करी गुपित कलकत्त्याला पोचलं ते पिण्याचं पाणी घेऊन. हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं, "डिकीत ठेवले नाहीत. शहाणा माणूस."

आमच्या कॅनमध्ये अण्णांनी नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "पेट्रोल होतं ह्यात." दुकानदार म्हणाला, रिकामा आहे साहेब. अण्णा म्हणाले, म्हणूनच. भरलेल्या पेट्रोलच्या डब्यात वाफेला जागा नसते. रिकाम्यात वाफ आणि हवा यांचा संसार थाटलेला असतो, आणि त्याला एक ठिणगी पुरते. शिवाय उरलेल्या पेट्रोलच्या वाफेत वरून डिझेल सोडलं की जो स्थिर विजेचा खेळ होतो, त्यात टँकर पेटलेले आहेत. कॅन चार दिवस गच्चीत झाकण उघडं टाकून पालथा वाळत पडला. सोसायटीच्या अध्यक्षांनी ही बोअरची नवी मोटर का, अशी चौकशी केली.

मेहुण्याचं म्हणणं असं की एवढं करायचं कारण नाही, डिझेल पेटतच नाही. त्यानं चित्रफीत पाहिली होती : वाटीत डिझेल, वरून जळती काडी, काडी फुस्स.

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धी खरी गोष्ट डिकीत ठेवायला फार वाईट. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. डिझेलला ऊब लागते. किती? आपल्याकडच्या मानकात कमीत कमी पस्तीस अंश. आता बंद काचांची गाडी मे महिन्यात उन्हात लावा आणि दुपारी डिकी उघडून हात घाला. 'डिझेल पेटत नाही' हे थंड देशातल्या माणसाचं वाक्य आहे. देशातल्या पेट्रोलियम आणि स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. नागपूरच्या मे महिन्यात पस्तीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा. डिझेल कायद्यानं 'ब' वर्गात बसतं, आणि १९३४च्या कायद्याप्रमाणे या वर्गातलं अडीच हजार लिटरपर्यंत जवळ बाळगायला परवाना लागत नाही. मेहुण्यानं लगेच भागाकार केला : सव्वाशे कॅन. अण्णांनी त्याच्याकडं केपीटीएल घसरलेल्या ड्रायव्हरकडं बघावं तसं बघितलं.

तांडीपर्यंत कॅन रिकामाच नेला, ही अण्णांचीच शिस्त. जिथं पावलोपावली पंप आहेत तिथून डिझेलला सहल कशाला घडवायची? रोहतांगच्या चिखलातून (बोगदा झाला तो २०२० साली) धडपडत उतरलो आणि एकदाची ती पाटी प्रत्यक्ष दिसली. बायकोनं अण्णांना तिच्याखाली उभं केलं. त्यांनी दोन बोटं वर केली नाहीत. पाटीवरच्या आकड्यावर हात ठेवून उभे राहिले, श्रद्धांजलीला राहतात तसे.

पंपावरचा पोरगा नोझल घेऊन थेट डिकीत वाकला. अण्णा इतक्या जोरात "नीचे!" म्हणाले की मागच्या बुलेटवाल्यानंही गाडीवरून पाय खाली टाकला. कॅन जमिनीवर. नोझलचं टोक कॅनच्या पत्र्याला टेकलेलं. सावकाश. डिझेलला फेस येतो, हे मला तेव्हा कळलं. उसाच्या रसासारखा दाट फेस चढतो, वाटतं भरला, आणि थांबलं की बसतो. तीन वेळा थांबत थांबत आकडा एकोणीसवर आला, आणि अण्णांनी पोराचा हात धरला.

"अण्णा, वीसचा आहे," मेहुणा म्हणाला.

"एक लिटर हवा."

मी जवळच्या कागदावर हिशेब केला. डिझेल दर अंशाला हजारात आठ-नऊ दशांश भागानं फुगतं. तीस अंश तापलं तर एकोणीस लिटरचं जवळजवळ अर्धा लिटर जास्त होतं. जागा नसली तर ते झाकणातून जागा शोधतं. मी कागद अण्णांना दाखवला. ते म्हणाले, "हो ना, एक लिटर हवा." अकरा वर्षांच्या अनुभवाला माझ्या बी.एस्सी.नं पाठिंबा दिला, याचं त्यांना काडीचंही अप्रूप वाटलं नाही. रंगाच्या पेननं त्यांनी कॅनवर लिहिलं : 'डिझेल. १९ लि. तांडी. ता. १९-८-१८.'

भरलेला कॅन वीस किलोचा होतो. वीस किलोची वस्तू मागं सुटी असेल आणि ताशी साठच्या वेगात कचकन ब्रेक लागला, तर ब्रेक गाडीला लागतो, कॅनला नाही. म्हणून तो मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, उभा, पट्ट्यानं डिकीच्या दोन कड्यांना आवळला. टपावर नाही (ऊन, आणि गाडीचा तोल), मागं बाहेर नाही (कोणी ठोकलं तर पहिला मान त्याचा). खाली सासूबाईंची पितळी परात. ती परात बरोबर आलीय हे सासूबाईंना चंदीगडला असताना फोनवर कळलं होतं, तो भाग मी गाळतो. कॅन खडखडू नये म्हणून मेहुण्यानं त्याला प्रेमानं गोणपाट गुंडाळलं. अण्णांनी ते खसकन ओढून काढलं.

"वात करून ठेवलीस," ते म्हणाले. "काडी विझते ती डिझेलच्या वाटीत. डिझेल प्यालेली चिंधी मशालीसारखी जळते."

एवढं सगळं करून शेवटी घात केला तो एका थेंबानं. झाकण लावताना तो अण्णांच्या हातमोज्यावर पडला आणि मोजा डिकीत पडला. पेट्रोल सांडलं तर शिव्या देऊन होईस्तोवर उडून जातं. डिझेल मुक्कामाला येतं. ते उडत नाही, वाळत नाही, पाण्यानं जात नाही, साबणानं पसरतं. आमच्यासारख्या गाडीत डिकी आणि बसायची जागा यांच्यात भिंत नसते, एक पातळसं झाकण असतं, म्हणजे वास मागच्या सीटवर बसूनच येतो. केलाँगला पोचेपर्यंत बायकोचं डोकं चढलं. जिस्पाला तिनं सगळ्यांचा डोळा चुकवून डॅशबोर्डवर चंदनाची उदबत्ती लावली.

अण्णा मागं डुलक्या घेत होते. चंदनाचा वास आला तसे ते दचकून उठले, खिडकीची काच खाली करून, हात बाहेर काढून ओरडले, "थांबवा! थांबवा!" मी थांबवली. एकोणीस लिटर डिझेल, बंद काचा, आणि पुढं त्यांची सख्खी मुलगी देवाला ओवाळल्यासारखी उदबत्ती लावून. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या डेपोत पंपाजवळच्या दत्तालासुद्धा उदबत्ती नव्हती. फूल वाहायचो."

आणि बारालाचाचा चढ. उंची जवळपास चार हजार नऊशे मीटर. वेफरच्या पिशव्या मांजराच्या शेपटीसारख्या फुगल्या होत्या आणि आम्ही त्यावर हसत होतो. इतक्यात मागून आवाज आला.

टण्ण!

मी असा ब्रेक कधी दाबला नव्हता. चारही दारं एकदम उघडली. अण्णा सत्तरीचे, गुडघ्यांचा त्रास, प्राणवायू निम्म्याहून थोडा जास्त. पण रस्त्याच्या कडेला पहिले तेच पोचले. दोन मिनिटं आम्ही चौघं वीस पावलांवर उभे राहून आपल्याच गाडीकडं बघत होतो. काही झालं नाही. एक याक तेवढा येऊन गाडीच्या काचेत स्वतःला बघून गेला.

मग माझ्या बी.एस्सी.ला जाग आली. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम पंचावन्न टक्के. आत कोंडलेली हवा तांडीची, तिचा दाब जास्त. ती बाहेर ढकलते, आणि पत्र्यावरचा तो फुलीचा खळगा, जो जर्मनांनी मुद्दाम याचसाठी ठेवला, तो आतून बाहेर उसळतो. स्टीलच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबल्यावर वाजतं, तसाच आवाज. फक्त तो डबा आपल्या पाठीमागं असतो आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं.

"म्हणजे कॅन चांगला आहे," अण्णा म्हणाले. धाप लागलेली होती, तरी आवाजात अभिमान होता. "गळका असता तर वाजला नसता."

दुसरी बाजू पांगच्या पुढं वाजली. कोणी उतरलं नाही.

बेसनाच्या लाडवांचं मात्र वाईट झालं. तूप वास धरून ठेवतं, हे बायकांना माहीत असतं. म्हणून कांदा शेजारी ठेवत नाहीत. आमचा लाडवांचा डबा चार दिवस कॅनच्या शेजारी होता. लेहला पोचल्यावर उघडला, पहिला घास घेतला आणि मी तो नम्रपणे हातरुमालात ठेवला. मेहुण्यानंही. अण्णांनी एक अख्खा खाल्ला. मग दुसरा. डोळे मिटून म्हणाले, "पहिल्या पाळीला डबा उघडला की अस्साच लागायचा." उरलेले सगळे त्यांनी संपवले. पंप, लाडू आणि तारुण्य यांतलं त्यांना नेमकं काय आठवत होतं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

लेहमध्ये टाकी गळ्यापर्यंत भरून हानलेला गेलो. तारे पाहिले. त्याबद्दल लिहायचं तर दुसरा लेख होईल; एवढंच सांगतो की अण्णांनी आकाशगंगेकडं दहा मिनिटं टक लावून पाहिलं आणि "एवढं असून खाली एक पंप नाही" असं म्हणाले. ज्यांच्या घरी राहिलो त्या घरमालकांनी चहावर सांगितलं, हिवाळ्यात डिझेलच गोठतं. त्यातलं मेण थिजतं, पाइप बंद होतात. मग पहाटे ड्रायव्हर लोक टाकीखाली शेगडी ठेवतात. (उणे तेहतीसपर्यंत टिकणारं हिवाळी डिझेल लडाखला मिळू लागलं ते पुढच्या वर्षी, २०१९च्या नोव्हेंबरात.) टाकीखाली शेगडी! अण्णांनी कप खाली ठेवला. दत्ताला फूल वाहणाऱ्या माणसाला हे ऐकवायला नको होतं.

परतताना माहेच्या अलीकडं एक गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी दिसली. एक तरुण हात हलवत रस्त्यात आला. "अंकल, तेल खतम हो गया."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पंचवीसशेच्या वर किलोमीटर आलो होतो ते याच क्षणासाठी. "बसा तुम्ही," ते मला म्हणाले. स्वतः डिकी उघडली. पट्टा सोडला. मेहुण्यानं आणि मी कडेच्या दोन मुठी धरून कॅन खाली ठेवला. अण्णांनी झाकणावर फडकं धरून खिट्टी अगदी हळू सैल केली. आतली तांडीची हवा सुस्कारा टाकून गेली. रॉकेलचा पंप आत सोडला. मग गुडघ्यावर बसल्या बसल्या वर बघून, ऑपरेशनपूर्वी डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "कितना चाहिए?"

तो तरुण कॅनवरचं लिहिलेलं वाचत होता. "अंकल," तो अवघडून म्हणाला, "हमारी पेट्रोल है."

वारा तेवढा वाहत होता. अण्णांनी पंप बाहेर काढला, फडक्यानं नीट पुसला, खिट्टी दाबली. त्या पोराचं चुकलंच काय म्हणा. पण अण्णांनी पुढचे शंभर किलोमीटर ज्या चेहऱ्यानं काढले, त्यावरून त्यानं पेट्रोलची गाडी मुद्दाम घेतली होती असं वाटावं. शेवटी मागून आलेल्या टेम्पोनं त्याला ओढत नेलं.

आणि उपशीच्या आसपास आमचा दिवा लागला.

"अण्णा, ओतू या?" मी विचारलं. हाच तो प्रसंग. एवढी यातायात केली ती यासाठीच. शिवाय कोरडी पडली तर एअर, पंप, बिल, हे सगळं त्यांनीच मला शिकवलेलं.

"कारूचा पंप किती लांब?"

"पंधरा किलोमीटर."

"मग कशाला फोडायचा? इमर्जन्सीला ठेवलाय तो."

मी दिव्याकडं बघत, एसी बंद करून, उताराला पाय काढून, वीस वर्षांपूर्वीच्या त्या मोटरसायकलची आठवण काढत पंधरा किलोमीटर गाडी हाकली. कारूच्या पंपावर रिझर्व्हवर पोचलो. अण्णा खाली उतरले, टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, आणि या वेळी काही बोलले नाहीत.

पुण्याला आलो तेव्हा टाकी पाऊण भरलेली होती, कारण कारूनंतर अण्णा गाडीत असताना ती अर्ध्याच्या खाली जाऊच शकत नव्हती. म्हणजे कॅन ओतायला जागा नाही. घरात ठेवायचा नाही, गच्चीत उन्हात नाही, जिन्याखाली नाही. पंधरा दिवस मी ऑफिसला उगाच लांबून गेलो. मग एका रविवारी पार्किंगमध्ये समारंभ झाला. कॅन जमिनीवर ठेवला, आणि पाहतो तर त्याच्या दोन्ही बाजू म्हाताऱ्या माणसाच्या गालांसारख्या आत बसलेल्या. झाकण शेवटचं लावलं ते माहेजवळ, चार हजार मीटरच्या वर. आतली हवा तिथली, विरळ. पुण्याची हवा तिच्या उरावर बसली होती. अण्णांनी खिट्टी सैल केली. या वेळी कॅननं सुस्कारा टाकला नाही, घेतला. मग टण्ण, आणि टण्ण. वॉचमन खुर्चीवरून उठला.

एकोणीसच्या एकोणीस लिटर टाकीत गेले. अण्णांनी खिशातून छोटी वही काढली. तांडी ते लेह, लेह ते हानले आणि परत, लेह ते पुणे, मधली इकडची तिकडची फिरणी. साडेतीन हजार किलोमीटर. भागिले एक पूर्णांक नऊ. पेन्सिलीनं सावकाश भागाकार केला, खाली दोन रेघा ओढल्या.

"एक हजार आठशे बेचाळीस," ते म्हणाले. "डेपोत पन्नासला टेकला तर ड्रायव्हरच्या पाठीवर थाप पडायची."

आणि वही पुढं करून त्यांनी ड्रायव्हर म्हणून माझी सही घेतली.